विजयसिंह सरांचा डोंगर

आमच्या शाळेत चित्रकलेला फार मान आहे. इतका, की मी गणिताचा मास्तर, माझा धडा मागे पडला की मी हक्काने चित्रकलेचा तास मागतो आणि विजयसिंह सर तो हसत हसत देऊन टाकतात. ते आमचे चित्रकलेचे शिक्षक. शाळेतले त्यांचे तास असे मीच खातो, त्यामुळे खरी चित्रकला ते संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या आपल्या क्लासात शिकवतात.

क्लासच्या दारावर फलक आहे, 'इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा. अ श्रेणीची हमी.' ही श्रेणी मिळाली की दहावीला वाढीव गुण मिळतात. कलेचा एवढा रोकडा उपयोग कळल्यापासून कोल्हापुरातल्या आईबापांना पोरांच्या अंगातली कला एकदम दिसायला लागली आहे.

सरांची पद्धत सोपी. स्मरणचित्राला विषय कुठलाही येऊ दे, मागे एक डोंगर, त्याच्याआडून अर्धा सूर्य, डावीकडे झोपडी, उजवीकडे वाकलेला नारळ. पुढची जागा मोकळी सोडायची. विषय बाजार असेल तर तिथे भाजीवाली बसवायची, बसथांबा असेल तर एसटी उभी करायची. "डोकं चालवू नका," सर बजावतात, "डोकं चालवलं की वेळ जातोय." पोरं आज्ञाधारक आहेत. चालवत नाहीत.

हे सर मूळचे बिद्रीचे, साखर कारखान्याच्या गावचे. एकदा त्यांच्या घरी तारीख बघायला मी कॅलेंडरचं पान वर केलं, तर मागे भिंतीवर एक चित्र होतं. पहाटेचा साखर कारखाना, धुराड्यातून निघालेला धूर, खाली थांबलेल्या उसाच्या गाड्या आणि बैलांच्या पाठीवर दंव. बघताबघता मळीचा वास आल्यासारखं झालं. मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, तरी कॅलेंडर हातात धरून मी तसाच उभा राहिलो. सरांनी ते कॉलेजात असताना काढलं होतं. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, क्लास निघाला, आणि खिळा एकच होता. "कॅलेंडर कामाचं असतंय," सर म्हणाले आणि पान खाली सोडलं.

तर या क्लासात जूनमध्ये क्रांती आली. नववीतली पोरगी. तिचे वडील आकाराम म्हशी पाळतात आणि गंगावेशीत कट्ट्यावर लोकांच्या समोर धार काढून दूध देतात. आमच्याकडे दिवाळी पाडव्याला म्हशींची मिरवणूक असते. शिंगं रंगवायची, अंगावर नक्षी काढायची, मोरपिसं बांधायची आणि मालकाच्या मोटारसायकलमागे म्हैस पळवायची. आकारामच्या लाडक्या म्हशीचं नाव मोना. तिला दर पाडव्याला क्रांतीच रंगवायची. गेल्या वर्षी तिने मोनाच्या मानेपासून शेपटीपर्यंत पांढरे ठिपके असे सोडले होते की म्हैस पळाली की पाणी हलल्यासारखं वाटायचं. पेठेने शिट्ट्या मारल्या. त्यानंतर कट्ट्यावर येणाऱ्याला आधी मोनाची गोष्ट ऐकावी लागे, मग पेला मिळे.

सराव परीक्षेत नेमका विषय आला 'म्हशींची मिरवणूक'. सगळ्या वर्गाने डोंगर काढला, सूर्य, झोपडी, नारळ काढला आणि मोकळ्या जागेत म्हैस काढली. आता सरांनी बैल शिकवला होता, म्हैस शिकवली नव्हती. म्हणून पोरांनी बैलच काढून काळा रंगवला. वशिंडासकट. यातल्या निम्म्या पोरांच्या दावणीला म्हशी आहेत, सकाळी त्यांचंच दूध पिऊन ती आली होती. पण म्हशीला वशिंड नसतं हे एकालाही आठवलं नाही. स्मरणचित्रात सरांनी शिकवलेलं आठवायचं असतं, घरी बघितलेलं नव्हे. मी माझ्या लेकीला, राजनंदिनीला, न्यायला आलो होतो. तिने काढलेलं वशिंड सगळ्यांत मोठं होतं.

क्रांतीने मात्र अख्खा कागद भरून म्हशीची नुसती पाठ काढली होती. तेल लावलेली, चकाकणारी. पाठीवर वडिलांचा हात आणि खाली गर्दीची पावलं. म्हशीला चिकटून धावणाऱ्या पोरीला जेवढं दिसतं, तेवढंच. सरांनी तो कागद उचलला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल.

त्यांनी लाल पेन काढलं आणि लिहिलं, 'पार्श्वभूमी नाही. माणसं अपूर्ण.'

"हे असलं घरात काढ," ते तिला म्हणाले. "परीक्षेत न्हाय चालायचं. परीक्षकाला डोंगर दिसला पायजे."

"पण सर, पळताना डोंगर दिसतच न्हाय की."

"मग थांबून बघ." वर्ग हसला.

दुसऱ्या दिवशी तिची आई शालूबाई क्लासात येऊन गेली. "सर, डोंगर काढायला लावा तिला. ऐकली न्हाय तर दोन फटकं द्या," असं सांगून गेली. फटक्यांची वेळ आली नाही. पोरगी हुशार. पावसाळा संपेपर्यंत ती डोळे मिटून झोपडी काढायला लागली. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. चांगलं बघणारे डोळे आम्ही शिकवून शिकवून मिटायला लावत होतो. पण गणिताच्या मास्तराला सौंदर्याबद्दल कोण विचारतो?

परीक्षा झाली. निकाल पुढे लागला आणि तिला अ श्रेणी मिळाली, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचणाऱ्या पालकांचा जीव टांगणीला राहायचा.

पाडव्याला सर स्वतःहून माझ्याकडे आले. "चला, क्रांतीची म्हैस बघून येऊ. यंदा काय काढलंय कुणास ठाऊक," म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांना कशाची एवढी उत्सुकता असलेली पाहिली नव्हती. चौकात ते टाचा उंचावून बघत होते.

आकारामची गाडी आली. तिच्यामागे मोना, लाल शिंगं, कपाळावर मोरपिसं. आणि पोटावर डोंगर. डोंगराआडून अर्धा सूर्य. डावीकडे झोपडी, उजवीकडे वाकलेला नारळ. अगदी सुबक, एक रेघ इकडची तिकडे नाही.

शिट्टी कुणी मारली नाही. "पावणं, म्हशीवर घरकुल मंजूर झालंय काय?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं आणि लोक फिदीफिदी हसले. आकारामने गाडी थांबवली. मान खाली घालून तो म्हणाला, "आमी म्हटलं, पूस ते. तर म्हणती, सरांनी शिकवलंय."

सर मोनाशेजारी उभ्या असलेल्या क्रांतीजवळ गेले. "गेल्या साली ठिपकं काढलेलीस न्हवं? तसलं का न्हाय काढलंस, बाळ? घरात काढ म्हणून मीच सांगितलेलं की."

"ते चुकलेलं, सर," ती त्यांची समजूत घालत म्हणाली. "त्याला पार्श्वभूमीच नव्हती. आता डोंगर बरोबर आलाय न्हवं?"