गमछ्याखालचा रिपोर्ट

नामदेवबापूंनी उभ्या आयुष्यात तोंडाने आकडा उच्चारला नाही. ते बैलबाजारातले दलाल. खांद्यावरचा गमछा समोरच्याच्या हातावर टाकायचा आणि खालून बोटं दाबून भाव ठरवायचा, हा त्यांचा धंदा. पण किती वाजले विचारलं तरी हा माणूस गमछा टाकायचा. मी शेजारी राहणारा, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा. माझी बोटं त्यांनी पार बधिर केली होती. "मास्तर, आकडा तोंडातून निंघाला का तो सगळ्याइचा झाला," म्हणायचे.

त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर झाला. किमोने गाठ आधी लहान झाली, मग पुन्हा वाढू लागली. तरुण डॉक्टरांनी समजावलं, की काही पेशींवर एक प्रोटीन असतं, ते आत शिरलेलं औषध बाहेर फेकतं. गाठीचा तुकडा तपासू. ते फार निघालं तर हे औषध चालायचं नाही, आणि दुसरं फारसं हाताशी नाही.

बापू खूश. "म्हंजे गाठीतबी दलाल बसेल हाय. माल आत टिकूच देत नाइ. आपलाच माणूस निंघाला."

रिपोर्टच्या दिवशी मी आणि बापूंची बायको, म्हणजे काकू, दोघंही सोबत होतो, आणि बापूंना त्यांच्या कानावर काही जाऊ द्यायचं नव्हतं. डॉक्टर बोलणार तेवढ्यात त्यांच्या हातावर गमछा पडला. "पाच बोटं म्हंजे औषध पक्कं चालते. एक म्हंजे नाइ. दाबा साहेब." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

बापूंचा चेहरा बाजारातल्यासारखा कोरा. मग गमछा हलू लागला. बापू घासाघीस करत होते! कापडाच्या हालचालीवरून कळत होतं, डॉक्टरांचं मिटलेलं आणखी एक बोट ते उघडत होते, डॉक्टर ते हळूच मिटत होते. मला हसू आवरेना. डॉक्टरांच्या डोळ्यांकडे लक्ष गेलं तेव्हा ते आवरलं.

"जमला सौदा," बापू काकूंकडे वळून हसत म्हणाले. "लई चांगला जमला."

"मंग जिलबी घ्या," काकू म्हणाल्या. घरी येताना रिक्षा थांबवून मावाजिलबी घेतली. काकूंनी आग्रह करकरून वाढली, बापूंनी मागून मागून खाल्ली.

बापू गेल्यावर एकदा मी काकूंना म्हणालो, "तुम्हाला शेवटपर्यंत कळू दिलं नाही त्यांनी."

काकू तूर निवडत होत्या. "चांगला सौदा झाला का ते खोटंखोटं रडत घरी यायचे. बुडालो, लुटलं मले, म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा हसून म्हणले, जमला. मी तवाच समजली."

"मग जिलबी कशाला?"

"त्याइले वाटलं पाहिजे ना, का मी फसली."