गादीसकट पाठवणी

गादी मी इतकी घट्ट बांधली की गाडीत बसायला दार उरलं नाही.

मुलीला हॉस्टेलवर पोचवायचं होतं, आणि साथीमुळे ज्याची गादी त्यानेच आणावी असं हॉस्टेलने कळवलं होतं. म्हणून सकाळी मी गादी गाडीच्या टपावर चढवली. नायलॉनची दोरी पुढच्या दोन खिडक्यांतून आरपार काढली, मग मागच्या दोन खिडक्यांतून काढली, वरून वेढे दिले, गाठी मारल्या आणि मागे सरून कामाकडे पाहिलं. काम देखणं झालं होतं. फक्त बांधताना चारही दारं बंद होती, त्यामुळे दोरीने गादीबरोबर दारंही आवळून धरली होती. हँडल ओढलं की दार बोटभर हलायचं आणि पुन्हा जागेवर बसायचं.

समोरच्या घरचे काका गच्चीवरून पाहत होते. निवृत्त झाल्यापासून गल्लीत काय चाललंय ते पाहणं हीच त्यांची ड्यूटी.

"काय गा, गादी एकटीच जाऊन राहिली का हॉस्टेलले?"

"नाही काका, आम्हीपण आहोत सोबत."

"मंग तुमी का मागून धावत येता?"

तेवढ्यात बायको डब्याची पिशवी घेऊन बाहेर आली. तिने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिचं हे पाहणं मला लग्नापासून ठाऊक आहे. घडी होणारी फोमची गादी घ्या, डिक्कीत मावते, असं ती पंधरवडाभर सांगत होती. मी ऐकलं नाही. फोमने पाठ धरते, माणसाने कापसावरच झोपावं, असं माझं ठाम मत. मी मूळचा कुहीकडचा. आमच्याकडे धान पिकतो, कापूस नाही, पण कापसाबद्दल मी अधिकारवाणीने बोलतो. त्याच अधिकाराने मी गांधीबागेच्या बाजारात जाऊन कापूस चिमटीत धरून पाहिला, समोर बसून गादी भरून घेतली, आणि ती इतकी दणदणीत भरली गेली की घरी आणल्यावर तिला दारातून आत घ्यायला दोन माणसं लागली.

आता गाठी सोडायला वेळ नव्हता. आम्हाला दिलेली वेळ सकाळची होती, आणि वेळ चुकली तर गेट बंद होणार होतं. मुलगी खिडकीतून सुळकन आत गेली. बायको म्हणाली, "मी या वयात खिडकीतून जात नसते." मग मागची दोरी तेवढी सोडली, दार उघडलं, तिला बसवलं आणि दोरी पुन्हा बांधली.

"सामानासारखी बांधून नेऊन राहिले मले," ती आतून म्हणाली.

राहिलो मी. माझं डोकं आत गेलं, खांदे गेले, पोटाने मात्र खिडकीत मुक्काम केला. मुलगी आतून कॉलर ओढत होती. "पप्पा, श्वास सोडा न पूर्ण." मी श्वास सोडला. "अजून आहे," गच्चीवरून काका म्हणाले.

मुलीचं कॉलेज आमच्याच शहरात, वर्धा रोडच्या टोकाला. एरवी ती रोज घरून बसने गेली असती. पण साथीत त्यांनी नियम काढला होता: वर्गात बसायचं असेल तर कॅम्पसमध्येच राहा, नागपूरचे असा की नागालँडचे. एकदा आत गेलं की सत्र संपेपर्यंत बाहेर नाही, आईबापांना भेट नाही. ज्यांना हे नको त्यांनी घरूनच ऑनलाइन शिकावं.

ऑनलाइन तिने पूर्ण वर्ष काढलं होतं, आमच्या पुढच्या खोलीत, दिवाणावर मांडी घालून. तिच्या वर्गाने माझं बनियन पाहिलं होतं, कारण कॅमेरा सुरू आहे की बंद हे मला कधीच कळलं नाही. पोह्यांची प्लेट घेऊन मी मागून जायचो आणि कोणीतरी मास्तर मध्येच थांबायचे. आमच्या कुकरच्या शिट्ट्या तिच्या सगळ्या मैत्रिणींना ओळखू यायच्या. मैत्रिणी म्हणजे तरी काय, पडद्यावरचे चौकोन. त्यातल्या एकीलाही तिने समोरासमोर पाहिलं नव्हतं. ती तक्रार करत नसे. पण हॉस्टेल उघडणार असं कळलं तेव्हा ती स्वयंपाकघरात येऊन आईला म्हणाली, "मम्मी, आता माझं कॉलेज खरं सुरू होईल." आणि मी बाहेर उगाच पेपर चाळत बसलो. मला ते वर्ष आवडलं होतं, हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. लोक काय काय भोगत होते, आणि मी रोज दुपारी पोरीसोबत जेवतोय म्हणून खूश.

तर आम्ही निघालो. ऑक्टोबरचं ऊन होतं. दोरीमुळे चारही खिडक्या उघड्या, म्हणजे एसी असून नसल्यासारखा. सीताबर्डीच्या सिग्नलवर एका स्कूटरवाल्याने मास्क खाली ओढून विचारलं, "भाऊ, गादी कुठून भरली? मस्त भरली आहे."

"गांधीबाग," मी छाती फुगवून म्हणालो. आरशात बायको दिसली, मग मी पुढे पाहिलं.

मुलगी उन्हाच्या बाजूला बसली होती. तोंडावर मास्क, मांडीवर तपासणीच्या रिपोर्टची फाइल, आणि खिडकीतून गरम वारा थेट कपाळावर. आपण जागा बदलू या, असं आई एकदा म्हणाली. पण दोन्हीकडून दोरी, हलायला वाव कुठे होता? आणि ती उत्साहात होती. तिला ऊन लागतच नव्हतं.

गेटवर चुन्याने गोल आखले होते आणि प्रत्येक गोलात एक कुटुंब उभं होतं. त्या सगळ्यांच्या देखत मी खिडकीतून बाहेर आलो. बाहेर येणं आत जाण्यापेक्षा सोपं असेल असं वाटलं होतं, तसं काही नसतं. मग मागची दोरी सोडून मायलेकींना बाहेर काढलं.

आमचा नंबर आला. गेटवर एक वॉचमन बाई होत्या, तोंडासमोर प्लास्टिकची काच, हातात ती ताप मोजायची बंदूक. त्यांनी मुलीच्या कपाळावर बंदूक धरली. बंदूक किंचाळली आणि तिच्यावरचा दिवा लाल झाला.

मुलीने आईकडे पाहिलं.

"रिपोर्ट निगेटिव्ह आहे ताई," बायको म्हणाली. "कालचाच आहे. पोरगी उन्हातून आली, खिडक्या उघड्या होत्या."

"काहून उघड्या ठेवल्या एवढ्या उन्हात?"

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. टपावर गादी होतीच.

"हे पाहा," वॉचमन बाई म्हणाल्या, "सावलीत बसवा तिले थोडा वेळ. अजून एकदा पाहते. पण दुसऱ्यांदा लाल आला तर मंग मले आत घेता येत नाही. दिवाळीनंतरच्या बॅचले या."

दिवाळीनंतरची बॅच आली तर आली. तिसऱ्या लाटेच्या गोष्टी तेव्हा रोज टीव्हीवर चालायच्या. आज गेट बंद झालं तर पुन्हा दिवाण, पुन्हा चौकोन, हे मुलीला कळत होतं. ती कडुनिंबाखाली एका दगडावर बसली आणि डोळे पुसायला लागली. मग घाम आलाय असं दाखवून कपाळही पुसलं.

आणि मला, काय सांगू, छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. "चल बेटा," मी म्हणालो, "जाऊ घरी. एवढी काय घाई आहे? ऑनलाइन तर सुरूच आहे. दुपारी तुझ्या आवडीची पाटवडी करायला सांगू मम्मीला."

"पप्पा, तुम्ही जरा चूप बसा न."

"तुम्ही बसूही नका," बायको म्हणाली. "जा, थंडगार पाणी घेऊन या कुठून तरी. लवकर या."

मी गेलो. रस्त्यापलीकडे थोडं पुढे एक टपरी उघडी होती. मी रमतगमत गेलो असं बायको आजही सांगते. ऊन होतं म्हणून मी बेताने चाललो, एवढंच. टपरीवाल्याशी दोन शब्द बोललो, बाटली गार आहे का ते हाताने बघितलं, ती ठेवून दुसरी बघितली. परत आलो तेव्हा बायकोने डब्याच्या पिशवीतलं घरचं पाणी ओतून आपली ओढणी भिजवली होती आणि मुलीच्या डोक्यावर टाकली होती. स्वतः फाइलने वारा घालत होती. तिने माझ्या हातातली बाटली अक्षरशः हिसकली.

"हे पी वं. हळू पी. आता काही विचार करू नको, ऊन उतरू दे."

शेजारच्या गोलात एक आई आपल्या मुलीच्या बॅगेला हळदीकुंकू लावत होती, नारळ फिरवत होती, काहीतरी मागत होती पुटपुटत. आमच्यात तशी पद्धत नाही. आम्ही सकाळी मेणबत्ती लावतो, वंदना आणि पंचशील म्हणतो, पण त्यात मागणं नसतं. आपलं आपण नीट वागायचं, एवढंच असतं. मुलगी ओढणीखाली बसून बहुतेक तेच म्हणत असावी, तिचे ओठ हलत होते.

बऱ्याच वेळाने वॉचमन बाईंनी बोलावलं. मुलगी पुढे झाली. बाईंनी काच पुसली, बंदूक उचलली. मला काय झालं कोण जाणे, मी डोळे मिटून घेतले.

बंदूक नुसती टिकटिकली. डोळे उघडले तर दिवा हिरवा होता आणि मुलगी पार आतल्या पांढऱ्या रेषेच्या पलीकडे गेली होती. गेली म्हणजे धावलीच. कोणी परत बोलावलं तर, या भीतीने असेल.

त्या रेषेच्या आत पालकांना बंदी. सामान रेषेवर ठेवायचं, त्यावर फवारा मारला जायचा, मग मुलींनी स्वतः न्यायचं. मी पुढची दोरी सोडली, गादी उतरवली आणि रेषेपर्यंत ओढत नेली. फवाऱ्याने ती आणखी जड झाली असणार. मुलीने एक टोक उचललं. दुसरं टोक काही उठेना.

"मी आत येऊन टाकून देतो ना खोलीत," मी वॉचमन बाईंना म्हणालो. "दोन मिनिटं."

"नाही भाऊ."

"गादी कापसाची आहे हो."

"लोखंडाची असली तरी नाही."

मुलगी दोन्ही हातांनी गादी कवटाळून उभी होती. मला वाटलं, आता ही वळून माझ्याकडे पाहणार. तेवढ्यात आतल्या झाडामागून एक उंच मुलगी पळत आली. थबकली, हिचा मास्क, हिचे डोळे निरखले आणि म्हणाली, "ए, तू कुकरवाली ना?"

"हो. तू?"

"अगं, मी तुझ्या खालच्या चौकोनात असते."

मग दोघी इतक्या हसायला लागल्या की गादी दोनदा खाली पडली. शेवटी दोघींनी ती डोक्यावर घेतली. मागून पाहिलं तर एक गुबगुबीत गादी चार पायांवर चालली होती, आणि आतून सारखं हसू ऐकू येत होतं. वळणावर ती गादी डावीकडे झुकली, सावरली आणि इमारतीमागे गेली. वळून पाहणं शक्यच नव्हतं, डोक्यावर एवढं ओझं असताना. मी तरीही थांबलो होतो. पुढचं कुटुंब गोल रिकामा व्हायची वाट पाहतंय, असं वॉचमन बाईंनी दोनदा सांगितल्यावर निघालो.

परत येताना खिडक्या लावल्या, एसी लावला, दारं नीट उघडली आणि बंद झाली. बायको पुढे बसली होती. मुलीचा मेसेज आला: खोलीत पंखा आहे, खिडकीतून मैदान दिसतं, कुकरवाली हे नाव आता पक्कं झालंय. बायकोने तो मोठ्याने वाचून दाखवला, मग मनात पुन्हा वाचला.

"झालं बाबा एकदाचं," मी म्हणालो. "मला तर वाटलं होतं आज पोरीला घेऊनच परत यावं लागतं."

बायकोने पिशवीतून ओली ओढणी काढली. ती मांडीवर पसरून घडी करत म्हणाली, "बंदूक लावली तेव्हा तुमी डोळे मिटले होते, मी पाहून राहिली होती. काय मागत होते ते मी विचारत नाही. आपल्यात कोणापाशी काही मागायची पद्धत नाही, हे लई बरं आहे. नाहीतर कोणीतरी तुमचं ऐकलं असतं."