मायच्या तिखटाचा दोष नव्हता

मैत्रिणींनो, सकाळी अकोल्याच्या डॉक्टरांकडून आले, तेव्हापासून स्वप्नात असल्यासारखी बसून आहे.

माझ्या पोटात अल्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, "आजी, हा जंतूमुळे झालाय. तीन औषधांचा कोर्स असतो, चारांचाही असतो. तिनांना हा जंतू आता पुष्कळदा दाद देत नाही, म्हणून तुम्हाला चारांचा देतो. चौदा दिवस, एकही गोळी चुकवू नका."

"म्हणजे तिखटानं नाही झाला?"

"तिखटानं फक्त जळजळ वाढते, आजी."

पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. डोळ्यांपुढे साठ-एकसष्ट सालचं बडनेऱ्याचं रेल्वे क्वार्टर तरंगत आलं. बाबांनाही अल्सरच होता; पोट धरून बसलेले, हातात दुधाचा पेला. तेव्हा दूध आणि आम्ल शमवणारी पांढरी पावडर, एवढाच त्यांचा इलाज. माय म्हणायची, "माह्याच हातच्या तिखटानं तुह्या बाबाचं पोट जाळलं."

एका सकाळी रक्ताची उलटी होऊन बाबा गेले. मायनं मग मरेपर्यंत तिखट तोंडात घातलं नाही.

आज तिच्या फोटोसमोर बसून चारही औषधांची नावं मोठ्यानं वाचली. म्हटलं, "माय, तुह्यं काहीच चुकलं नव्हतं."

तुमच्या घरात कुणी असा नसलेला दोष घेऊन गेलं का? त्यांना आज काय सांगाल?