मी तपासलेले कोयनेल

माझ्या खोलीतला सोबती मला अधूनमधून विचारतो, की नगरच्या त्या संमेलनाची गोष्ट तू कधीच का सांगत नाहीस. मोठमोठ्या रसायनज्ञांपुढे तू प्रयोग करून दाखवलास, टाळ्या पडल्या, असे त्याने आमच्या प्राध्यापकांकडून ऐकले आहे. मी काहीतरी बोलून विषय बदलतो. तोंडाने मला ते सांगता येणार नाही. लिहून जमते का पाहतो.

आमचे घर देवळाली प्रवरेच्या बाजूला, कालव्याच्या चौकीवर. वडील पाटकरी. कोणाच्या उसाला किती वेळ पाणी सोडायचे, कालव्याचे दार केव्हा उचलायचे आणि केव्हा पाडायचे, हे त्यांचे काम. आम्ही त्यांना आबा म्हणतो. कालव्याचे पाणी उसाला मिळे, आणि उरलेले चाऱ्यांतून, खड्ड्यांतून साचून राही. पावसाळा संपला की त्या साचल्या पाण्यावर डासांचे थवे उठत आणि घरोघर हिवताप सुरू होई. ऊस तोडायला आलेली माणसे पाचटाच्या कोप्यांतून राहत. त्यांच्यात तर तापाने आडवे झालेले एकतरी माणूस नाही अशी कोपी नसे.

घरात आई नव्हती. थोरल्या बहिणीचा, आक्काचा, नवरा लष्करात भरती होऊन परदेशी गेला होता, म्हणून ती माहेरी राहून आमचे घर सांभाळत होती. मी पुण्याला बी.एस्सी.साठी रसायनशास्त्र शिकत होतो. आमच्यात मराठी शाळेच्या पुढे गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मी काय शिकतो हे घरी कोणाला नीटसे ठाऊक नव्हते, पण जे शिकतो ते खरे असणार याबद्दल आबांच्या मनात शंका नव्हती.

त्या वर्षी दिवाळीला घरी गेलो तेव्हा आक्का दोन गोधड्या घेऊन कुडकुडत पडली होती. तिजारीचा ताप. एक दिवस बरा जायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थंडी भरायची. घाम येऊन ताप उतरला की ती उठून बसायची, चुलीपुढे जायची, आणि माझी थट्टाही करायची.

"आला का आमचा डाक्तर? बघ माजी नाडी."

"मी डॉक्टर होणार नाही, आक्का. मी रसायनशास्त्र शिकतो."

"मंग येवढाली बुकं वाचून करनार काय तू?"

"औषधे कशाची बनतात ते कळते."

"कळून आमाला काय उपेग? खायाला घालशील का न्हाई?"

लढाईमुळे हिवतापावरचे कोयनेल, म्हणजे क्विनाईन, मिळेनासे झाले होते. ते जिथून येई तो मुलूख जपान्यांनी घेतला होता, असे आम्हाला कॉलेजात सांगत. सरकारी दवाखान्यात गेले तर दोन दिवसांचे मिळे, पुढे नाही. तेव्हा आबांनी राहुरीच्या बाजारात एका फेरीवाल्याकडून पांढऱ्या भुकटीच्या पुड्या आणल्या. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि तोंड वाकडे केले.

"जहर कडू हाय. खरंच असनार."

"कडूपणावरून कळत नाही, आबा. थोडे द्या. मी कॉलेजात तपासून बघतो."

आबा एक पुडी तशीच्या तशी मला द्यायला निघाले होते. मीच नको म्हटले. ती आक्काची एका दिवसाची मात्रा होती. बोटाच्या पेरावर मावेल एवढीच पूड मी कागदात बांधून घेतली. माझी चूक तिथेच झाली, पण त्या वेळी मला तो समजूतदारपणा वाटला.

पुण्याला आल्यावर, प्रात्यक्षिकाचा तास संपल्यानंतर, परवानगी घेऊन मी ती पूड पातळ आम्लात विरघळवली. त्यात ब्रोमीनचे पाणी थेंबथेंब टाकले आणि मग अमोनिया. परीक्षानळीत पाचूसारखा हिरवा रंग आला. पुस्तकात क्विनाईनची हीच खूण दिली होती. रंग पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे आज लिहायला लाज वाटते. त्याच दिवशी मी घरी कार्ड टाकले : औषध तपासले. अस्सल आहे. नेमाने घ्यावे.

आबांना वाचता येत नाही. गावच्या गुरुजींनी त्यांना ते वाचून दाखवले, आणि त्यांनीच आबांच्या वतीने उत्तर लिहिले. तुझे कार्ड मी साऱ्या कोप्यांवर दाखवले, असे आबांनी कळवले होते. लोक त्या फेरीवाल्याला शोधत बाजारात गेले. सगळ्यांना सांगितले, की माझ्या पोराने तपासले आहे. पत्राच्या शेवटी होते, की आक्काच्या तापाची पाळी अजून चुकत नाही, तर काय करावे.

मी लिहिले, की मात्रा चुकत असेल. औषधात दोष नाही.

मार्गशीर्षात नगरला त्या रसायनज्ञांच्या मंडळाचे वार्षिक संमेलन भरले. एरवी ते पुण्यामुंबईकडे भरायचे. यंदाचा विषय रसायन आणि वैद्यक असा होता, आणि नगरला छावणी, दवाखाने, बरेच डॉक्टर, म्हणून तिथे ठरले. आमचे प्राध्यापक त्या मंडळाचे सभासद. खोट्या औषधांचा सुळसुळाट झाला आहे, तर खेड्यांतल्या डॉक्टरांना आणि कंपाउंडरांना सोप्या चाचण्या करून दाखवाव्यात अशी त्यांची कल्पना होती. कोयनेलच्या चाचणीसाठी त्यांनी मला निवडले.

"तू हे स्वतःहून केले आहेस," ते म्हणाले. "आणि मराठीत बोल. इंग्रजी बोलायला आम्ही आहोत."

एका शाळेच्या सभागृहात बैठक होती. माझ्या सदऱ्यावर निळ्या फितीचा बिल्ला लावला गेला. मी तो दर थोड्या वेळाने चाचपून पाहत होतो. सकाळभर इंग्रजीत भाषणे झाली. सल्फाच्या नव्या औषधांवर एकजण फार चांगले बोलले, पण माझे निम्मे लक्ष माझ्या नळ्यांकडे होते. मग माझी पाळी आली. दवाखान्यातून आणलेले खात्रीचे क्विनाईन टेबलावर होते. प्रयोग नीट झाला. नळी उंच धरली. हिरवा रंग शेवटच्या बाकापर्यंत दिसला आणि टाळ्या पडल्या.

पहिल्या रांगेत एक वृद्ध रसायनज्ञ बसले होते. सरकारी प्रयोगशाळेत औषधे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"रंग सुरेख आला," ते म्हणाले. "आता सांगा, किती आहे?"

"काय, सर?"

"क्विनाईन हो. या पुडीत किती?"

"सर, आहे."

"आहे ते मला चष्म्याशिवाय दिसले. मी किती विचारतो आहे."

लोक हसले. मागून एक डॉक्टर म्हणाले, "अहो, पास करा की पोराला!"

"त्याला मी पास करीन. पण तुमच्या रोग्यांचे काय?"

ते उठून टेबलाजवळ आले. भोजनाच्या तयारीतून त्यांनी वाटीभर आरारूट मागवले. आगपेटीच्या काडीच्या टोकावर येईल एवढे क्विनाईन त्यांनी चहाच्या चमचाभर आरारुटात घातले, चांगले घोटले, आणि त्यातली चिमूट माझ्या पुढे केली.

"करा पुन्हा."

मी पुन्हा केले. आम्ल, ब्रोमीन, अमोनिया. रंग आला. थोडा फिका, पण हिरवाच.

"बघा," ते सभेकडे वळून म्हणाले, "हे औषध आता आरारूट आहे. जिभेला कडू लागेल. चाचणीत हिरवे होईल. आणि माणूस मरेल. हा रंग पदार्थ आहे एवढेच सांगतो. तो वेगळा काढा, सुकवा, तोला, आणि मग बोला."

सगळे वही काढून लिहून घेऊ लागले. मी नळी हातात धरून उभा होतो. घरच्या पुडीचा रंग किती गडद होता ते मी आठवायचा प्रयत्न करत होतो. ते आठवेना, कारण मी ते पाहिलेच नव्हते. हिरवे झाले एवढेच पाहिले होते.

"बस खाली," प्राध्यापक हळूच म्हणाले.

बैठक सुटल्यावर मी त्या वृद्ध गृहस्थांना व्हरांड्यात गाठले. पुडीचे, कार्डाचे, आक्काचे सगळे सांगितले.

"किती दिवस घेते आहे?"

"दिवाळीपासून."

"तुमच्या कॉलेजात तराजू नाही?"

"आहे, सर."

"मग?"

"तोलण्याइतकी पूड घेतली नाही. तिचे औषध वाया जाईल म्हणून."

त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. मला वाटले आता रागावतील. रागावले असते तर बरे झाले असते.

"चला," एवढेच म्हणाले, आणि मला घेऊन सभागृहातल्या एका डॉक्टरांकडे गेले. त्या डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यात नेऊन एका कागदी पिशवीत कोयनेलच्या गोळ्या घालून दिल्या. त्यांच्याकडेही फार नव्हत्या, हे कपाट उघडल्यावर मला दिसले. त्यांनी मात्रा दोनदा समजावली आणि माझ्याकडून म्हणून घेतली.

दुपारच्या गाडीने राहुरीला उतरलो आणि तिथून कालव्याच्या काठाने निघालो. बिल्ला अजून सदऱ्यावरच होता. वाटेत एकाने विचारले, की पाटकऱ्याचं पोर का तू, मोटा सायब झालास जनू. तेव्हा तो काढून खिशात टाकला.

आक्का आदल्या दिवसापासून शुद्धीत नव्हती. ताप उतरलाच नव्हता. आबा तिच्या उशाशी बसून कपाळावर ओले फडके ठेवत होते. मी गोळी चमच्यात कुस्करून पाण्यातून पाजली. अर्धी ओठांवरून खाली आली. पुन्हा दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डोळे उघडले आणि मला ओळखले.

"कवा आलास?"

"काल. आक्का, हे घे."

तिने गोळी पाहिली. "ह्ये तेच का?"

"नाही. हे खरे आहे."

तिने गोळी पाण्याबरोबर गिळली.

"आन् मंग ते?"

आबा दारात उभे होते. त्यांनी ऐकले. ते कालव्याकडे गेले, आणि दार उचलायची वेळ नसताना बराच वेळ तिथल्या दाराशी उभे राहिले.

त्या दिवशी मला आशा वाटली होती. संध्याकाळी ताप पुन्हा चढला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. तिच्या नवऱ्याला पत्र मीच लिहिले. त्यात हिवतापाने असे लिहिले, बाकी काही लिहिले नाही.

तिचे दिवस व्हायच्या आधीच मी आबांना म्हणालो, की कोप्यांवर जाऊन सांगायला हवे. लोक अजून तीच पूड घेत आहेत. आबा उठले आणि पायांत वहाणा घातल्या. ते येतील असे मला वाटले नव्हते.

आम्ही कोपीकोपीने गेलो. मी सांगत होतो, की ती पूड घेऊ नका, तिच्यात औषध नावालाच आहे, माझे तपासणे चुकले. आबा शेजारी उभे राहत. बहुतेकांनी पुड्या आणून माझ्या हातात दिल्या. एक म्हातारा म्हणाला, "चुकतंय की मानूस, मास्तर. तुमच्या घरचं बी मानूस ग्येलं त्यात." ते मला ऐकवले नाही. तो मला मास्तर का म्हणत होता कोण जाणे.

शेवटच्या कोपीत एका बाईचा नवरा पांघरूण डोक्यावर घेऊन थरथरत होता. कोपीच्या कुडात खोचलेल्या दोन पुड्या तिने काढल्या, पण दिल्या नाहीत.

"तुमीच कागूद धाडला हुता न्हवं? पाटकऱ्यानं दावला. अस्सल हाय म्हून."

"हो. ते चुकीचे होते."

"आन् आता म्हंताय ते बराबर हाय कशावरनं?"

माझ्याजवळ आक्काच्या उरलेल्या गोळ्या होत्या. त्या मी तिच्यापुढे धरल्या. मात्रा सांगितली, तशीच, दोनदा.

"ह्या तपासल्यात का?" तिने विचारले.

"नाही. मी नाही तपासल्या."

ती माझ्याकडे न पाहता आबांकडे पाहू लागली. महिनाभर साऱ्या कोप्यांवर आबा एकच वाक्य सांगत फिरले होते, की माझ्या पोराने तपासले आहे. आता त्यांनी खाली मान घातली. आत तो माणूस दात वाजवत होता. मग आबा म्हणाले,

"घे, बाई. ह्यानं सांगितलं म्हून नगं. नगरच्या डाक्तरानं दिल्यात, म्हून घे."

तिने हात पुढे केला. मी गोळ्या तिच्या तळहातावर ठेवल्या. आबा तोवर परत निघाले होते, आणि मी त्यांच्या मागून, थोडे अंतर ठेवून, चालू लागलो.