पहिल्या बोलीवर लिहिलेला जबाब

माझा जबाब लिहून घेणाऱ्या हवालदाराने मला फसवलं. तक्रार केली शेलार गावातल्या माझ्या शेजाऱ्याने, पण तो घाबरला होता. फसवलं हवालदारानेच.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. दुसऱ्याच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, शिफ्ट करता करता मी स्वतःचे लूम उभे केले होते. शेजाऱ्याला त्याचे जुने लूम विकायचे होते आणि मला ते हवे होते. आमच्या बाजारात सौद्याची सुरुवात शिव्यांनी होते. मी त्याच्या लूमना भंगार म्हणालो, तो मला मारवाड्याचा बाप म्हणाला. मी उठलो आणि दारातून ओरडलो, "उद्यापासून तुझा एक तरी लूम चालवून दाखव, बघतोच." मग परत येऊन बसलो आणि चहा मागवला.

सकाळी त्याच्या लूमवर चढवलेले सगळे धागे कुणीतरी कापलेले सापडले.

मला चौकीवर बोलावलं. हवालदाराने विचारलं, "लूम चालू देणार नाही, असं बोललात?"

आमच्यात समोरच्याने काही म्हटलं की आपण आकडा वर नेतो. तो खाली ओढतो, मध्ये कुठेतरी जमतं. मी म्हणालो, "तेवढंच? हातपाय तोडीन बोललो. लिहा, साहेब." आता हा हसेल आणि म्हणेल, "शेठ, नीट सांगा," म्हणून मी थांबलो. त्याने मान खाली घालून लिहिलं. पहिल्याच बोलीवर सौदा पक्का.

त्या जबाबावर माझ्यावर चॅप्टर केस उभी राहिली. म्हणजे पुढे दंगा करणार नाही, असा चांगल्या वर्तणुकीचा जामीन लिहून द्यायचा. एकदा तो दिला की माणूस गुंडात जमा, आणि गुंडाला सूतवाले नुसत्या शब्दावर, उधारीत सूत देत नाहीत. माझ्याकडे शब्दाशिवाय दुसरं काही नव्हतं.

माझे वकील जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले, वयस्कर. जबाब वाचून ते मिशीत हसले. "काय बोललास ते मी नंतर बघतो. कुठं बोललास, कुणासमोर, कशाला, ते आधी. हळदीच्या गाण्यात विहीण शिव्या घालते, तिच्यावर कोणी फिर्याद करतो काय?"

सुनावणीत त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, "हे दारातून ओरडले, मग काय केलं?"

"परत आले. चा मागवली."

"तुम्ही प्यायलात?"

"प्यायलो. खारी पण खाल्ली."

"धमकी देणाऱ्याची खारी?"

"धमकी न्हाय ती," शेजारी ओशाळून म्हणाला. "भाव पाडत होते. पण सकाळी धागे कापलेले बघून माझं डोकंच चाललं न्हाय."

मग वकील हवालदाराकडे वळले. "चहाचं विचारलंत?"

"गरज वाटली नाही."

"हातपाय तोडण्याचं तक्रारीत आहे?"

"नाही. हे स्वतःहून बोलले."

"आणि तुम्हाला नवल वाटलं नाही?"

केस तिथेच बसली, जामीन लिहून द्यावा लागला नाही. धागे शेजाऱ्याने कामावरून काढलेल्या एका कारागिराने कापले होते, तेही पुढे उघड झालं. शेजाऱ्याने लूम मला दिले, चहाही पाजला.

पण त्यानंतर बाजारात माझ्याशी कोणी भांडेना. मी आवाज चढवला की समोरचा म्हणायचा, "तुम्ही बोलाल तो भाव, शेठ." मला हवा तो भाव मिळू लागला आणि सौद्यातली चव गेली. अजून आलेली नाही.

हवालदार बढती घेत गेला. नव्या पोरांना जबाब कसा घ्यायचा ते तो शिकवायचा, असं ऐकलं. शिकवू दे. पण त्या केसच्या आदल्या वर्षी पडद्याचं कापड घ्यायला तो माझ्याच शेडवर आला होता. "तुझ्या दारात परत पाय ठेवला तर नाव बदलीन," असं म्हणत रस्त्यापर्यंत गेला, परतला, आणि हसत कापड घेऊन गेला. मी त्याचं बोलणं कुठे लिहून ठेवलं नाही.

म्हणजे आमची बोली त्याला येत होती. कळत असून त्याने चौकीत तिची ओळख दाखवली नाही. आता तो निवृत्त आहे, वज्रेश्वरीच्या रस्त्याला घर बांधून राहतो. त्याने समोर बसावं आणि सांगावं, त्या दिवशी तो का हसला नाही. चहा मी मागवतो.