सिथियनांच्या रीतीने दादाची फेरी

मी शाळेत इतिहास शिकवायचो. सिथियनांवर बोलायला लागलो की शिक्षकांची खोली रिकामी व्हायची. काळ्या समुद्राच्या उत्तरेला माळांवर फिरणारे हे घोडेस्वार. आपल्याकडे आलेले शक त्यांचेच भाऊबंद. मी स्वतः घोड्यावर एकदाच बसलो, मुरुडच्या वाळूत, आणि उतरलो तो डोक्यावर. तरी तज्ज्ञ मीच!

शेवटी श्रोता म्हणून एकटा माझा थोरला भाऊ, दादा उरला, कारण त्याला उठून जाता येत नव्हतं. जन्मभर मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. आता हर्णैच्या घरी खाटेवर. "समुद्र सोडून माळावर? मेल्या, खायचे काय?" म्हणायचा. घोडीचं आंबवलेलं दूध ऐकून त्यानं तोंड वाकडं केलं. एक गोष्ट मात्र पुन्हा सांगायला लावली. त्यांच्यात साधा माणूस मेला की घरचे त्याला गाडीत घालून मित्रांच्या दारोदार नेत. जो तो जेवण घाली, आणि मेलेल्यालाही वाढी.

"मला पण ने," दादा म्हणाला. "सगळीकडं नको. त्याच्याकडं."

तो म्हणजे दादाचा जुना भागीदार. बोट विकण्यावरून दोघांचं फाटलं होतं. आजारपणातही तो फिरकला नव्हता.

"आत्ताच बोलावतो की."

"यायचा नाय. मेल्यावर हाकलणार तरी नाय."

दादा गेला. मी टेम्पो आणला तसे भावकीतले खवळले, "स्मशान सोडून कुठं नेतोस?" मी रडत्या अंगणात उभा राहून सिथियनांवर व्याख्यान सुरू केलं. 'सांस्कृतिक' हा शब्दसुद्धा वापरला. "ह्याला कोणीतरी पाणी द्या रे," एक काका म्हणाले.

वहिनीनं डोळे पुसले. "त्यांनी सांगितलंय ना? मग न्या."

भागीदार बंदरावर होता, संध्याकाळचा लिलाव चालू होता. टेम्पो मासळीचाच, ड्रायव्हरनं सवयीनं तो मागं घेत थेट ढिगांना लावला. बायकांनीही सवयीनं टोपली उचलून आत सरकवली. ती दादाच्या पायांना टेकली आणि एकीनं किंकाळी फोडली. बोली थांबली.

भागीदार पुढं आला. मी घसा खाकरला, "भाऊ, त्याचं असं आहे, सिथियन लोकांत…"

"तू गप ऱ्हा मास्तर."

त्यानं आपल्या ढिगातली मोठी सुरमई उचलून दादाच्या पायाशी ठेवली. "तांडेलाचा वाटा," म्हणाला. मग दादावरच आवाज चढला, "सांगायचंस ना रे! दोन गल्ल्या पलीकडं ऱ्हातो मी. आलो नसतो काय?"

तो टेम्पोत चढून उशाशी बसला. मी ड्रायव्हरशेजारी. स्मशानाच्या वाटेवर मागच्या काचेतून पाहिलं, तर तो हातवारे करकरून दादाशी भांडत होता, आणि खड्डा आला की एका हातानं त्याचं डोकं सावरत होता.