मोटेचे बैल आणि सहा सिलिंडरचं इंजिन

इंजिन आमच्या मळ्यात आलं ते बैलगाडीतून. वाशीम स्टेशनात मालगाडीतून उतरवलं आणि तिथून रिठदपर्यंत दादाच्या बैलांनी ओढलं. वाटेत जो तो विचारी, “काय आणून राह्यले, भाऊ?” दादा, माझा थोरला भाऊ, बैलांना टोचायच्या तुतारीचं टोक माझ्याकडे वळवून म्हणे, “त्याले इचारा.” मला तर सांगायची हौसच होती. लढाई नुकतीच संपली होती आणि लष्कराच्या मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग अकोल्यात विकायला येत होते. त्यातलं हे सहा सिलिंडरचं इंजिन मी माझ्या जुन्या लॉरीत बसवणार होतो.

लॉरी लढाईच्या आधीची, चार सिलिंडरची. सपाटीवर गुणी. पण वाशीमच्या वाटेवरच्या चढाखाली आली की धापा टाकायची. मग अर्धा कापूस रस्त्यावर उतरवायचा, उरलेला वर पोचवायचा आणि परत खाली यायचं. बैलबंडीवाले बाजूनं हसत पुढे जात. दादा हसत नसे. शेती तोच बघायचा, आणि घरातला एक धडधाकट माणूस लोखंडाच्या मागे लागलाय हे त्याला मुळीच पसंत नव्हतं.

“यंदा भरल्या गाडीनं तो चढ चढून दाखव,” तो म्हणाला. “नाही तं पेरणीले तिफन धर, आन् हे भंगारात दे.”

बोलून तो मोकळा झाला, झोप माझी गेली. तिफण धरायची मला लाज नव्हती. पण लॉरीचं बॉनेट उघडून आत काय चाललंय ते पाहण्यात मला जे सुख होतं, ते शेतात कधी सापडलं नव्हतं. ते मला सोडायचं नव्हतं.

इंजिन बदलण्याचा मला काडीचाही अनुभव नव्हता. मी लॉरी हाकायला शिकलो होतो, उघडायला नव्हे. अकोल्याच्या मिस्त्रीला विचारलं तर तो पान चघळत म्हणाला, “बैठ जाएगा.” कसं, ते त्यानं सांगितलं नाही. गावातल्यांचं म्हणणं एकच, नाकापेक्षा मोती जड होणार. मी मनात म्हटलं, होऊ दे, नाक किती सोसतं ते तरी कळेल.

वहिनीकडून जुन्या लुगड्याच्या चिंध्या मागून घेतल्या. जी तार सोडवायची तिच्या टोकाला आणि ती जिथून सुटली त्या जागेला एकाच रंगाची चिंधी बांधायची, म्हणजे पुन्हा जोडताना चूक नको. सगळी लॉरी रंगीबेरंगी झाली. वहिनी पदर तोंडाला लावून म्हणाली, “लॉरीचं लगन हाये का, भाऊजी?” काढलेले नट-बोल्ट तिच्याच सुपात मांडले होते, त्यामुळे मीही हसून घेतलं. नवं इंजिन दोरीनं मोजलं तर जुन्यापेक्षा वीतभर लांब निघालं. म्हणजे पुढचा रेडिएटर आणखी पुढे सरकवणं आलं, आणि बॉनेट बसणार नाही हेही आलं. बॉनेट काढून गोठ्याच्या छपरावर टाकलं. त्याखाली पुढे कोंबड्या बसायच्या.

खरा प्रश्न होता उचलण्याचा. चार गडी लावले तरी ते धूड नुसतं हलायचं. उपाय मला विहिरीवर सुचला. मोटेचे बैल उतारावरून खाली गेले की भरलेली मोट वर येते. तिचं पाणी मागे दगडी थारोळ्यात पडतं, बैल उलट्या पावलांनी मागे सरकतात आणि रिकामी मोट पुन्हा विहिरीत जाते. वर आणि खाली, मला तेवढंच तर हवं होतं! विहिरीशेजारच्या कडुनिंबाच्या जाड फांदीला मोटेचं चाक टांगलं, त्यावरून नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, घेतला, खाली लॉरी उभी केली. बैल मागितले तेव्हा दादा म्हणाला, “बैल माहे. हाकीन बी मीच.”

जुनं इंजिन अलगद निघालं. मी इतका हरखलो की लगेच नवं बांधलं. ते वर गेलं, लॉरी ढकलून खाली आणली, आणि मी आत वाकून त्याचं टोक गिअरबॉक्सच्या तोंडाशी जुळवू लागलो. बैल उताराच्या तळाशी नाडा ताणून उभे होते. मदतीला आलेला गावचा लोहार मोकळाच होता, म्हणून त्यानं रेडिएटर धुवायला घेतला आणि विसळलेलं पाणी थारोळ्यात भसकन ओतलं.

बैलांनी तो आवाज ऐकला. मागे पाणी पडलं म्हणजे मोट रिकामी झाली, चला परत. ते निघाले की उलट्या पावलांनी! दादानं आरोळी मारली, मोट हाकताना बसतो तसा नाड्यावर झेपावून बसला, पण इंजिन धाडकन लॉरीच्या सांगाड्यावर आलं. मी हात तेवढे वेळेवर काढले होते. ज्या दोन बिडाच्या पायांवर इंजिन बसतं त्यातला एक तुटून खाली पडला.

मी तिथंच मातीत बसलो. रडू येत होतं. लोहार कान धरून उभा होता. दादा बैलांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, “त्यायचं काय चुकलं? पाणी पडलं, ते मांगं आले.” खरं सांगतो, तशा अवस्थेतही मला बैलांच्या कानांचं नवल वाटलं.

“काय मोडलं?” त्यानं विचारलं. मी तुटका पाय दाखवला.

आमच्याकडे कोणाचा बैल दुसऱ्याच्या पिकात शिरला, तर मालक हुज्जत घालत नाही, नुकसान भरून देतो. दादा गोठ्यामागे गेला आणि आमच्या वडिलांच्या जुन्या गाडीचं चाक गडगडवत घेऊन आला. ते इतकी वर्षं त्यानं कोणाला हात लावू दिलं नव्हतं.

“माह्या बैलायनं मोडलं, भरून मी देईन,” तो लोहाराला म्हणाला. “याच्या भोवतीची लोखंडी धाव काढ आन् तिचा पाय कर. दोन्ही कर. एक नवा, एक जुना, अशी जोडी जुंपत नसतात.”

मी मान खाली घालून भाता ओढत राहिलो. 

दुसऱ्या खेपेला दादानं विहिरीवर कोणाला घागरसुद्धा भरू दिली नाही. इंजिन बसलं. आधी खोकलं, मग एक हिरवी चिंधी जळाल्याचा वास आला, आणि मग ते असं घुमलं की कडुनिंबावरचे कावळे उडाले.

कापूस भरून निघालो तेव्हा दादा माझ्या शेजारी बसला होता. चढाच्या पायथ्याशी मी वेग जरा कमी केला, तसा तो टुणकन खाली उतरला. चढाला बैलांवर आपला भार नको म्हणून गाडीवान उतरतात, तसा. मी ओरडलो, “दादा, कायले उतरला?” तो म्हणाला, “तू चाल.” मला थांबता येईना. लॉरी भरल्या अंगानं चढ चढत गेली, आणि मी माथ्यावर उभा राहून, धोतर खोचून सावकाश वर येणाऱ्या माझ्या न्यायाधीशाकडे बघत राहिलो.

तो आला. रेडिएटरला हात लावला आणि झटकन काढला.

“तापली. पाणी पाज आदी.”

एवढंच. लॉरी ठेवायची की विकायची, तो बोलला नाही. पेरणी आली, तिफण त्यानं दुसऱ्या गड्याला दिली, तरी बोलला नाही. मीही विचारलं नाही. उगाच नको तो शब्द निघायचा.

मग पोळा आला. आदल्या दिवशी सांजेला आमच्याकडे बैलांचे वर्षभर जू वाहिलेले खांदे हळद-लोण्यानं चोळतात आणि त्यांना जेवणाचं बोलावणं करतात. दादानं दोन्ही बैलांचे खांदे चोळले. वाटीत थोडं उरलं होतं. ती घेऊन तो लॉरीपाशी आला आणि उघड्या इंजिनात वाकून बराच वेळ बघत राहिला.

“हिचा खांदा कुठी हाये रे?”

मी वडिलांच्या गाडीच्या धावेतून केलेले ते दोन पाय दाखवले. त्यानं दोन्हींवर सारखं लोणी चोळलं, हात जोडले आणि म्हणाला, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”